खोळंब्याचा हिशेब कोणी द्यायचा?

(कोपरगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “विमानाने हिंडणाऱ्यांची कड आपण कशाला घ्यायची? आमची एस.टी. दोन तास येत नाही, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. परंतु आधी याच तालुक्यातील काकडीकडे पाहू. तेथील माळावर १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. त्या धावपट्टीवर उतरणारे सगळेच शेठजी नसतात. वर्षभर पगारातून पैसे बाजूला टाकून हैदराबाद किंवा चेन्नईहून साईदर्शनाला येणारी कुटुंबे त्यांत असतात. आखाती देशांत कामाला जाणारा आपल्याकडचा वायरमनही मुंबईहून विमानानेच जातो. तो एक दिवस उशिरा पोहोचला तर त्याची रोजी बुडते. विमान हे आता चैनीचे वाहन राहिलेले नाही. कायदा मात्र अजून प्रवाशाला पाहुणा समजतो आणि पाहुण्याला चहा-फराळ दिला की आपले कर्तव्य संपले असे मानतो.

हा चहा-फराळ मी अलंकार म्हणून म्हणत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम ऑगस्ट २०१० पासून लागू आहे. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. विमान आयत्या वेळी रद्द झाले, तर प्रवासाच्या लांबीनुसार पाच हजार, साडेसात हजार किंवा दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडे व इंधन-आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी लागते. जागेपेक्षा जास्त तिकिटे विकून प्रवाशाला दारातून परत पाठविले, तर भरपाई वीस हजारांपर्यंत जाते. आणि विमान नुसते रखडले तर? अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, तर खाणेपिणे. सहा तासांहून अधिक झाला, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. चोवीस तासांहून अधिक झाला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतले विमान सहा तासांहून अधिक लांबले, तर हॉटेल. वाया गेलेल्या वेळेबद्दल एक रुपयाही नाही.

याचा परिणाम काय होतो, हे विमानतळावर बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मी स्वतः एकदा पाच तास बसलो होतो. दर वेळी घोषणा एकच : आणखी अर्धा तास. कारण विचारले तर “तांत्रिक”, आणि कारण लिहून मागितले तर काउंटरवरची मुलगी कावरीबावरी झाली. तिचा दोष नव्हता. तिलाही कोणी काही सांगितले नव्हते. रद्द केले तर पैसे द्यावे लागतात आणि रखडविले तर बिस्किटाचा पुडा पुरतो, अशी व्यवस्था असली म्हणजे कंपनी काय करील, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. आपल्या शिर्डीच्या विमानतळावर तर २०२५ साली रात्री उतरण्याची सोय होईपर्यंत सूर्यास्त म्हणजे दार बंद. दुपारचे विमान हैदराबादेत चार तास रखडले, की त्या दिवशी ते येणे शक्यच नसे. प्रवाशाला मात्र हे शेवटच्या अर्ध्या तासात कळे.

अन्यत्र काय आहे? युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाने आणि तेथील न्यायालयाच्या २००९ च्या निकालाने, तीन तास वा अधिक उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाला अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळू लागले. राहुरीचा एखादा अभियंता फ्रँकफुर्टहून भारतीय कंपनीच्या विमानाने निघाला आणि कंपनीच्या चुकीने मुंबईला पाच तास उशिरा उतरला, तर त्याचा सहाशे युरोंवर हक्क आहे. परतताना तीच कंपनी, तेच विमान, तेवढाच उशीर. पण हक्क नाही, कारण प्रवास मुंबईहून सुरू झाला! याच न्यायालयाने २०२१ साली असेही ठरविले, की विमान कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांचा कायदेशीर संप ही काही अस्मानी आपत्ती नव्हे, कंपनीला भरपाई द्यावीच लागेल. आपल्या नियमात मात्र संप, पूर आणि यादवी युद्ध एकाच यादीत बसविले आहेत. कामगारांशी न्यायाने न वागण्याची किंमत प्रवाशाने भरावी, असा त्याचा अर्थ होतो.

डिसेंबर २०२५ मध्ये हे सारे उघड्यावर आले. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती द्यावी, रात्रीची उतरणी मर्यादित करावी, हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. इंडिगोने पुरेशी माणसे नेमली नाहीत. ५ डिसेंबरला एका दिवसात त्या कंपनीची हजारांहून अधिक विमाने रद्द झाली. देशातील विमान प्रवाशांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास दोन उद्योगसमूहांच्या हाती आहेत; मग प्रवाशाने जायचे कोठे? इतर कंपन्यांचे भाडे इतके भडकले, की सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. आणि त्याच सरकारने विश्रांतीच्या नियमांतून इंडिगोला तात्पुरती सूटही दिली! विश्रांतीमुळे विमाने अडली असा कांगावा तेव्हा ऐकू आला. थकलेल्या वैमानिकाच्या हाती जीव सोपवायला आपण तयार आहोत काय? कंपनीने पुढे सर्वाधिक त्रास झालेल्यांना, नियमाप्रमाणे द्यावयाच्या भरपाईव्यतिरिक्त, दहा हजारांची प्रवास-कुपने जाहीर केली. ज्या दुकानाने फसविले त्याच दुकानात पुन्हा खरेदी करण्याची ही चिठ्ठी.

आता न्यायालयांकडे वळू. २००७ च्या डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यामुळे हैदराबादचा एक प्रवासी विमानातच अकरा तास अडकला. लोकअदालतीने त्याला दहा हजार रुपये देवविले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो आदेश रद्द केला. धुके कंपनीच्या हातात नव्हते, आणि खाणे व पर्यायी विमान देऊ केलेले होते. निकाल कडू वाटतो, पण तर्क समजण्यासारखा आहे. दुसरा निकाल २०२१ चा, रेल्वेचा. अजमेर–जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान हुकले. न्यायालयाने तीस हजार रुपयांची भरपाई कायम केली, कारण उशीर का झाला, हे रेल्वेने पुराव्याने सांगितलेच नाही. कारण आपल्या हाताबाहेरचे होते, हे सिद्ध करण्याचे ओझे वाहतूक करणाऱ्यावर आहे. विमानवाहतुकीचा १९७२ चा कायदाही विलंबाने झालेल्या नुकसानीबाबत, काही मर्यादेत, हेच म्हणतो.

मागच्या बाकावरच्या मित्राला माझे उत्तर या तत्त्वात आहे. ते विमानापुरते नाही, एस.टी.लाही लागू आहे. सार्वजनिक उपक्रमाकडे भरपाई मागणे म्हणजे खाजगीकरणवाल्यांच्या हाती कोलीत देणे, असे काही सहकाऱ्यांना वाटते. मला ते पटत नाही. जो उपक्रम आपल्या मालकांना, म्हणजे जनतेला, उशिराचे कारणही सांगत नाही, तो सार्वजनिक कसला?

तेव्हा व्यवहाराचे बोलू. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा होता तेव्हा कंपनीचे कार्यालय वा शाखा असेल किंवा घटना घडली असेल तेथे दावा लावावा लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. विमान दिल्लीहून कोलकात्याला जाणारे असो, अकोल्याचा किंवा पारनेरचा प्रवासी अहिल्यानगरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, विलंबाचे संदेश पुसू नका, खिशातून केलेल्या खर्चाच्या पावत्या ठेवा. उशिराचे कारण जागेवरच लेखी मागा. दिले नाही, तर मागितल्याची नोंद ई-मेलने पाठवा. एकाच विमानात अडकलेल्यांनी आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करावी; एकट्या माणसाला कंपनी थकविते, चाळीस जणांना थकविणे जड जाते.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. २०२५ च्या डिसेंबरात ज्यांची विमाने रद्द झाली वा रखडली, त्यांची ती डिसेंबर २०२७ मध्ये संपते. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याचे कागद घेऊन या. अर्ज आपण येथे बसून लिहू.