कालव्याचं शेवटचं शेत
(दादर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



१८९२ साली तानसा धरणाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. त्याच सुमाराला सह्याद्रीच्या पलीकडे, भोरजवळ, येळवंडी नदीवर भाटघरचं धरण पुरं होत होतं. तानसाचं पाणी नळातून शहराकडे आलं. भाटघरचं पाणी नीरा नदीतून वीरच्या बंधाऱ्यापर्यंत गेलं आणि तिथून डाव्या कालव्यानं पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरड्या माळांकडे वळलं. पहिल्या पाण्याबद्दल मुंबईकराला बरीच माहिती असते. मला आज दुसऱ्या पाण्याबद्दल बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. धरण बांधणं अवघड आहे, कालवा खणणं त्याहून किचकट आहे, पण सगळ्यांत कठीण काम त्या पाण्याच्या वाटपाचं आहे. कालवा यशस्वी झाला की नाही हे त्याच्या मुखाशी किती पाणी सोडलं यावरून ठरवू नये. शेवटच्या शेताला किती मिळालं आणि कधी मिळालं, यावरून ठरवावं.

आधी कालवा चालतो कसा ते पाहू. नदी आपल्या उतारानं खाली जाते. कालवा तिच्या काठाकाठानं, पण तिच्यापेक्षा कितीतरी सौम्य उतारानं नेलेला असतो. त्यामुळे तो जसजसा पुढे जातो तसतसा नदीपासून उंच आणि दूर राहतो. कालवा आणि नदी यांच्या मधली जमीन हे त्याचं लाभक्षेत्र. तिथे पाणी चढवायला पंप लागत नाही, ते उतारानंच शेतात जातं. मुख्य कालव्यातून शाखा, शाखेतून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, तिच्यावरच्या मोरीतून शेतचारी आणि शेतचारीतून शेतकऱ्याचा वाफा, असा हा प्रवास आहे.

या प्रवासात अंतर हा मोठा शत्रू आहे. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. पाणी सेकंदाला पाऊण मीटर वेगानं अखंड वाहिलं असं धरलं, तरी टोकापर्यंत जायला तीन दिवसांहून अधिक लागतात. प्रत्यक्षात ते अखंड वाहत नाही. वाटेत मोऱ्या उघडतात, अस्तर फुटलेलं असतं, गाळ आणि गवत साचलेलं असतं, तळ पाणी पितो, ऊन पाणी पितं. कच्च्या कालव्यांतून सोडलेल्या पाण्याचा फार मोठा भाग पिकाच्या मुळापर्यंत पोहोचतच नाही. आणि जे कमी पडतं, ते नेहमी शेवटाकडच्याला कमी पडतं.

उशीर झाला तर काय बिघडतं? गव्हाचं उदाहरण घ्या. पेरणीनंतर साधारण १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. त्या वेळचं पाणी चुकलं तर नंतर कितीही पाणी दिलं तरी गेलेलं उत्पन्न परत येत नाही. म्हणजे शेतकऱ्याला नुसतं पाणी नको असतं, त्याला तारखेचं पाणी हवं असतं. वर्षाअखेरीच्या अहवालात ‘इतके टीएमसी पाणी सोडले’ असं लिहिलं जातं. त्या आकड्यात ही तारीख कुठेच नसते.

दख्खनचे हे कालवे कशासाठी झाले, हे विसरू नये. १८७६-७७च्या दुष्काळात माणसं आणि जनावरं अतोनात मेली. दुष्काळी कामांवर आलेल्या उपाशी माणसांच्या हातांनी नीरेच्या कालव्याची माती उचलली गेली. पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरी हाती यावी, हा हेतू होता. पण पाऊस बरा झाला की ज्वारीला पाटाचं पाणी कोण घेणार? पाणी पडून राहू लागलं, पट्टी वसूल होईना. तेव्हा बारमाही पाणी मागणारं आणि पैसा देणारं पीक सरकारला हवंसं झालं. ऊस आला. पुढे सासवडच्या माळी बागायतदारांनी कालव्याकाठी खंडानं जमिनी घेतल्या. साखर कारखाने निघाले आणि १९५० साली प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासात फार मोलाचं आहे. पण दुष्काळात ज्वारी वाचवायला आलेलं पाणी बाराही महिने उसाला लागू लागलं, हेही त्याच इतिहासात नोंदवायला हवं. मुखाजवळच्या शेतात ऊस उभा राहिला की टोकाच्या शेतातली ज्वारी वाळते, कारण दोघांचं पाणी एकाच कालव्यातून येतं.

वाटपाच्या या प्रश्नाची जाणीव पहिल्यापासून होती. महात्मा फुल्यांनी स्वतः मांजरीला मुठेच्या कालव्यावर बागायत केली होती. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्याला धारेवर धरलं ते याच मुद्द्यावर: शेतकऱ्याकडून पैसे घेता, तर त्याला पाणी मिळण्याची जबाबदारीही घ्या. कालवे नुकते सुरू होत असताना केलेली ही मागणी आजही पुरती मान्य झालेली नाही.

त्यानंतर विश्वेश्वरय्या आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून शिकलेले हे अभियंते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सेवेत लागले आणि सुरुवातीच्या काळातच धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी काम केलं. पुढे नीरेच्या कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ज्याला हवं त्यानं, हवं तिथं ऊस लावावा असं न ठेवता, प्रत्येक मोरीखाली ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे. त्यात काही भागात ऊस, उरलेल्यात हंगामी पिकं, आणि फेरपालट. पाणी थोड्या गावांत साचण्याऐवजी पुष्कळ गावांत पसरावं आणि जमिनीही पाणथळ होऊ नयेत, हा विचार त्यामागे होता. नीरा आणि प्रवरेच्या काठी पुढे कितीतरी काळी जमीन चोपण झाली, हे पाहिलं की तो विचार किती रास्त होता हे कळतं. पाणी न मिळाल्यानं एक शेत मरतं आणि अतिपाण्यानं दुसरं.

विश्वेश्वरय्यांनी ज्या खोऱ्यात उमेदवारी केली, तिथे वाटपाची एक जुनी, लोकांनी चालवलेली पद्धत होती. तिचं नाव फड. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर छोटे बंधारे घालून त्यांच्या पाटाखालच्या सगळ्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, साधारण चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पिकांची अदलाबदल करायची. पाट सांभाळायला पाटकरी, राखणीला जागले, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा पगार गावानं द्यायचा. यातली खरी खुबी अशी, की शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसायची, ती वेगवेगळ्या फडांत वाटलेली असायची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सोडून द्यायचा. तो सोडला की प्रत्येकाचा थोडा तुकडा कोरडा राहतो, कुणा एकाचं सगळं रान कोरडं पडत नाही. टंचाईसुद्धा वाटून घेण्याची ही रीत कुठल्याही खात्यानं शिकवलेली नव्हती.

आता सरकारी कालव्यावरची शेजपाळी पाहा. पावसाळा संपला की धरणातला साठा पाहून कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजे पाणी सोडण्याच्या फेऱ्या, ठरतात. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागतो, मंजुरी मिळते, त्याची पाळी लागते. पाळी टोकाकडून सुरू करून मुखाकडे आणायची, असा नियम आहे. नियम अगदी बरोबर आहे, कारण मुखाकडून सुरुवात केली तर टोकापर्यंत पाणी उरत नाही. मुंबईत पालिकेचा चावीवाला ठरल्या वेळी आपल्या गल्लीची चावी फिरवतो, त्याच जागी तिकडे पाटकरी असतो. फरक इतकाच की चावी रस्त्याखाली असते आणि पाटकऱ्याची मोरी उघड्या रानात असते. रात्री तिथे कोण जातं, कालव्याच्या भरावातून कोण पाईप टाकतं, कुणाच्या शब्दानं दार अर्धी वीत जास्त उचललं जातं, हे एकट्या पाटकऱ्याला आवरत नाही. वर्षानुवर्षं जागा रिकाम्या ठेवून एकेका माणसावर गावंच्या गावं सोपवली, तर नियम कागदावरच राहणार.

कालवा रात्री थांबत नाही. पाळी रात्री दोनला आली तर शेतकऱ्यानं किंवा त्याच्या बायकोनं बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, साप-विंचवाच्या, आणि आता बिबट्याच्याही रानात. झोप लागली तर वाफा फुटतो आणि पाणी ओढ्याला जातं. हे कष्ट पाणीपट्टीच्या कुठल्याच दरात धरलेले नाहीत.

दुसरा दोष पट्टीच्या आकारणीतच आहे. परंपरेनं ती पीक आणि क्षेत्र यांवर लागते. एक एकर गव्हाची पट्टी भरली की पाणी चार बोटं घेतलं काय आणि वीतभर घेतलं काय, पैसे तेवढेच. मग वाचवायचं कुणी आणि का?

याचं उत्तर नाशिक जिल्ह्यात सापडलं, आणि ते टोकाकडच्या लोकांनीच शोधलं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटाकडे ओझरपर्यंत नीट येत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे शेतकरी एकत्र केले आणि १९९०च्या सुमारास तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. सरकारनं संस्थेला पाणी मोजून द्यायचं, संस्थेनं ते सभासदांत वाटायचं, पट्टी वसूल करायची, चाऱ्या दुरुस्त ठेवायच्या. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकरी ठरवणार, पण कोटा ठरलेला. ओढ्यांवर बंधारे घालून त्यांनी पाणी विहिरींत मुरवलं, त्यामुळे दोन आवर्तनांमधली खोट भरून निघाली. पुढे सगळा वाघाड प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हाती गेला. २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला, त्यामागे या अनुभवाचं बळ होतं. कायद्यानंतर कागदावर संस्था पुष्कळ झाल्या. जिथे मोजमापाचं यंत्र चालू आहे, चारी धड आहे आणि सभा खरोखर भरते, तिथेच त्या जगल्या.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभारली, तेव्हा आणखी पुढचा प्रश्न विचारला. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं की माणसांच्या? त्यांनी माणशी अर्ध्या एकराचं पाणी धरलं, भूमिहीनालाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. राज्यातल्या मोठ्या कालव्यांनी हा प्रश्न अजून मनावर घेतलेला नाही.

श्रोतेहो, मुख आणि टोक हा वाद फक्त कालव्यावर नसतो, तो नदीवरही असतो. गोदावरीच्या खोऱ्यात नाशिक-नगर मुखाशी आहेत आणि मराठवाडा टोकाला. जायकवाडी पुरेसं भरलं नाही तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, यासाठी न्यायालयापर्यंत जावं लागलं. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व लिहिलेलं होतं म्हणून मराठवाड्याला दाद मागता आली.

आणि आपण मुंबईकर? आपण सर्वांच्या आधी मुखाशी आहोत. परळ-लालबागच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची वीज मिळाली. ती लोणावळ्याच्या तलावांची, म्हणजे पूर्वेकडे भीमेला जाणारं पाणी घाटाखाली वळवून केलेली. मुळशीच्या धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तोही मुंबईच्या विजेपायीच. आज शहराचं निम्म्याच्या आसपास पाणी भातसा धरणाचं आहे. भातसा हा मुळात सिंचनाचाही प्रकल्प. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर, आपलं आठवडाभराचं पाणी. तेवढ्याच पाण्यानं सुमारे २८ हजार हेक्टरांवर दहा सेंटिमीटरचं एक भिजवण होतं. शहराला प्यायला पाणी हवंच, त्यात वाद नाही. पण जो मुखाशी बसतो त्यानं टोकाचा हिशेब विचारणं हे त्याचं कर्तव्य आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी आणि शेवटी पाणी मोजलं जावं. ज्या संस्थेचं माप चोख आहे तिला दुरुस्तीचा पैसा वेळेवर मिळावा. आणि धरणांच्या साठ्याचे आकडे रोज जाहीर होतात, तसंच कोणत्या कालव्याच्या शेवटच्या मोरीला आवर्तनाचं पाणी कोणत्या तारखेला पोहोचलं, तेही जाहीर व्हावं. ही तारीख विचारायला अभियंता असावं लागत नाही. तुम्ही ज्यांना निवडून देता त्यांना ती विचारा. मुंबईतून हा प्रश्न गेला, तर मंत्रालयात तो लवकर ऐकला जाईल.