वन्संना दाखविलेली घारापुरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी कुणी पाकक्रियेवर बोलते, कुणी प्रवासावर. माझेही बोलणे प्रवासाचेच आहे. फक्त जिला दाखवायला मी गेले होते तिला डोळ्यांनी दिसत नाही. माझ्या वन्संची दृष्टी काचबिंदूने गेली. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. "मला काय दिसणार आहे तिथं? तुम्ही जाऊन या," हे ठरलेले उत्तर. आमच्याही ते अंगवळणी पडले होते, हे कबूल केले पाहिजे. शेवटी गेल्या थंडीत हट्ट धरून मी त्यांना घारापुरीला नेले.

गेटवेवरून लाँचने तासभर, मग सुमारे १२० पायऱ्या. मी त्यांचा दंड धरून ओढू लागले, तेव्हा म्हणाल्या, "अगं, ओढू नकोस. मीच तुझा दंड धरते. तू पायरी चढलीस की मला कळतं." वर पोचलो तर बरोबरचे एक गृहस्थ मला म्हणतात, "यांना बाहेर सावलीत बसवा. आत उगीच कशाला?" वन्सं शेजारीच उभ्या! डोळे गेले म्हणजे कानही गेले, असे लोकांना का वाटते कोण जाणे.

आत महेशमूर्तीपुढे जाऊन उभ्या राहिलो. मूर्तीला हात लावायला मनाई. आणि लावू दिला असता तरी पोचला नसता. म्हणजे सगळी भिस्त माझ्या जिभेवर. मी सुरुवात केली, "काय भव्य मूर्ती आहे, वन्सं! किती शांत, किती सुंदर!" त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "हे तुला काय वाटलं ते झालं. तिथं आहे काय?"

मी गप्प झाले. शाळेच्या सहलीपासून चार वेळा मूर्ती पाहिलेली, पण आहे काय ते सांगता येईना.

मग मापापासून धरले. मूर्ती सुमारे १८ फूट उंच. "तुमच्याएवढ्या, पाच फुटांच्या तिघी एकीवर एक उभ्या केल्या तरी वर दोन हात जागा उरेल." आणि एवढ्या उंचीत सबंध शरीर नाही; छातीपासून मुकुटापर्यंतच. ती कुठून आणून बसविलेली नाही. सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगराचा काळा दगड आत आत कोरीत नेला आणि मागच्या भिंतीतच ती घडविली. तोंडे तीन. मधले समोर, दोन दोहो बाजूंना. "डावीकडच्या तोंडापुढे नाग धरलेला आहे," मी म्हटले. लगेच प्रश्न आला, "कुणाच्या डावीकडे? माझ्या की देवाच्या?"

इथे माझी फार त्रेधा उडाली. कधी आमची डावी, कधी देवाची, असे करता करता दोघींचाही गोंधळ. अखेर मी त्यांना मूर्तीकडे पाठ करून उभे केले. देवाचे तोंड उत्तरेला, तसेच आता यांचे. "आता तुम्हीच मूर्ती. तुमचं तोंड ते मधलं. डोळे मिटल्यासारखे, खालचा ओठ जाड, चेहरा अगदी स्थिर. डोक्यावर जटांचा उंच मुकुट. डावा हात छातीशी आणा. त्यात महाळुंगाचं फळ आहे. उजवा हात मोडलेला आहे." मोडतोडही सांगायला हवी, आपण ती गाळतो, जणू काही त्यांच्यापासून झाकून ठेवायची.

मग त्यांच्या उजव्या कानावर बोट टेकले. "इथून दुसरं तोंड निघतं, पूर्वेकडे पाहणारं. भुवया आक्रसलेल्या, नाक बाकदार, ओठावर मिशी, हातात नाग. हा अघोर." डाव्या कानाशी तिसरे. "हे पश्चिमेकडे पाहतं. गाल मऊ, कुरळ्या बटा, केसांत मोती, हातात कमळ. हा वामदेव; कुणी उमाही म्हणतात." ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणून आपण हिला हात जोडतो, पण जाणकार हिला सदाशिव म्हणतात. तिन्ही तोंडे एकट्या शिवाचीच, आणि चौथे मागे दगडात आहे असे समजायचे.

वन्संनी आपल्या उजव्या गालावरून हात फिरविला, मग डाव्या. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. येणारेजाणारे बघत होते, बघोत बापडे.

"रंग सांगू का?" मी भीत भीत विचारले.

"सांग की! साठ वर्षं रंग पाहिलेत मी. तव्यासारखा काळा का?"

"नाही, राखेनं घासलेल्या तव्यासारखा."

"हं. दिसला."

रात्री जेवताना त्याच आमच्या घरातल्यांना मूर्ती सांगत होत्या. हे मध्येच म्हणाले, "ठाऊक आहे, ताई. उजवीकडे पार्वती." वन्संनी हातातला घास तसाच ठेवून विचारले, "कुणाच्या उजवीकडे?" ह्यांना सांगता आले नाही.

आपल्या मंडळाच्या यादीत अशा तिघीचौघी आहेत. त्यांच्या घरी आपण हळदीकुंकवाचे वाण पोचवितो आणि दारातूनच परत फिरतो. पुढच्या सहलीला त्यांनाही न्यावे, अशी माझी सूचना आहे. प्रत्येकीला एक सोबतीण हवी; तयार असतील त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. दिवस मात्र सोमवार धरू नका. लेणी त्या दिवशी बंद असतात.