डबा लहान, माप खरं

रायपूरमधून बोलतोय, आणि आजचा विषय आहे आगगाडीच्या जुन्या डब्यांची मॉडेल्स.

1830 साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा प्रवासी डब्याचा ठरलेला नमुना नव्हता. कारागिरांनी घोडागाडीच्या तीन पेट्या जोडाव्यात तसा पहिल्या वर्गाचा डबा घडवला. म्हणून त्याच्या मॉडेलवर बग्गीची गोलाई दिसते.

गरिबांना मात्र छत नसलेले उघडे डबे. 1844 च्या कायद्यानंतर कुठे ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्गाला बसायला बाक आणि पावसापासून आडोसा देणं भाग पडलं. तेव्हा फळीवर नुसता ऐटदार पहिला वर्ग मांडाल, तर इतिहास अर्धाच मांडाल. उघडा डबाही जोडा.

आता आपल्याकडे या. बंगाल-नागपूर रेल्वेची रायपूर-धमतरी लाइन नॅरोगेज होती, म्हणजे रुळांमधलं अंतर अडीच फूट. ब्रिटिश ‘ओओ’ स्केलमध्ये एका फुटाला 4 मिलिमीटर. अडीच गुणिले चार, बरोबर 10 मिलिमीटर! इतका सोपा हिशेब क्वचितच मिळतो.

रायपूर शहरातले ते रूळ गेले, तिथे आता एक्स्प्रेस-वे आहे. म्हणून नॅरोगेजचा जुना डबा कुठे उभा दिसला, तर फोटोबरोबर टेपही काढा. दाराची रुंदी, खिडकीची उंची, बाकांमधलं अंतर लिहून ठेवा. त्यातून प्रवास केलेल्या घरच्या मोठ्यांना विचारा, कोण कुठे बसायचं, सामान कुठे ठेवायचं. फोटोवरून डबा आठवतो. मापावरून तो पुन्हा उभा करता येतो.