दूरचा वाचक



वडोदऱ्यात ग्रंथालयाविषयी बोलताना महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जोडीने फिरती ग्रंथालये उभी राहिली. खेड्यातील वाचकाने एकेका पुस्तकासाठी वडोदऱ्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा निवडक ग्रंथांची पेटीच त्याच्या गावी जावी, ही त्यामागील दृष्टी होती.

दूरदूरच्या शहरांतील संगणक एकाच ठिकाणच्या फाइली वापरतात, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरीही एक फाइल उघडताना संगणकांमध्ये पुष्कळ सवाल-जवाब होतात. एका फेरीस ५० मिलिसेकंद लागले, तर एकापाठोपाठच्या २०० फेऱ्यांत १० सेकंद सरतात. वाहिनी रुंद केल्याने ही प्रतीक्षा टळत नाही. फेऱ्या कमी कराव्यात, वारंवार लागणारी प्रत वाचकाजवळ ठेवावी आणि पुढे केवळ बदललेला भाग पाठवावा, हाच त्यावर उपाय.

मात्र मूळ फाइल बदलली, की जवळची प्रत शिळी होते. दोघांनी एकाच वेळी लिहिले, तर एकाचे श्रम वाया जाण्याचा धोका असतो. म्हणून ताजी प्रत कोणती आणि लेखणी कोणाच्या हाती, याची नोंद एकाच जागी हवी.

पेट्या गावोगाव जाव्यात. नोंदवही मात्र एकच असावी. दूरचा वाचक ताटकळत राहिला, तर त्याच्यापुरते ग्रंथालय बंदच असते.