आजोबांचा स्लाइम

फौजेत बरीच वर्षं कवायत घेतली. गेल्या सुट्टीत इथं बंगळुरात दोन नातवंडांनी माझी घेतली. "आजोबा, स्लाइम करूया!"

थोरलीनं कृती आणली होती : फेव्हिकॉल आणि टाकणखार. टाकणखारातलं बोरेट गोंदाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं, म्हणून गोळा ताणला जातो. पण धाकटा 3 वर्षांचा, हाताला लागेल ते तोंडात. टाकणखार पोटात जाणं वाईट. मी साफ नाही म्हटलं. थोरली दिवसभर माझ्याशी बोलली नाही. हे मात्र लागलं.

संध्याकाळी मीच स्वयंपाकघरात शिरलो. आधी मक्याचं पिवळं पीठ कालवलं. त्याची भाकरी झाली असती, स्लाइम नाही. (सौ. हसत होत्या.) लागतं ते पांढरं कॉर्नफ्लॉर, म्हणजे निव्वळ स्टार्च. 2 वाट्या कॉर्नफ्लॉर, साधारण 1 वाटी पाणी, तेही थोडं थोडं घालत. रंगाला बिटाचा रस. हळद नको, डाग जात नाहीत.

बोट हळू घातलं तर बुडतं. बुक्की मारली तर परातीवर आपटल्यासारखी! हळू दाबलं की कण सरकून वाट देतात. जोरात मारलं की कणांना सरकायला वेळच मिळत नाही, ते एकमेकांत अडकतात. थोरलीनं दहा बुक्क्या मारल्या, मग विचारलं, "आजोबा, हे पाणी की दगड?" अबोला संपला.

उरलेलं मोरीत ओतू नका, ओल्या कचऱ्यात टाका. मी ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी सिंकखालचा पाइप उघडून बसलो होतो.