शांतिनाथांच्या चरणी तरुणांची शांती



रामटेकच्या अतिशय क्षेत्रात खड्गासनात विराजमान असलेले १६वे तीर्थंकर भगवान शांतिनाथ हे चक्रवर्तीही होते. षट्खंडाचे वैभव त्यांनी तृणवत् त्यागले. परंतु नोकरीसाठी नागपूर-पुण्यात वणवण करणाऱ्या वा ‘नीट’ परीक्षेत दोनदा अपयश पाहिलेल्या तरुणाने काय त्यागावे? ज्याच्या हाती अद्याप काहीच आलेले नाही, त्याला त्यागाचा उपदेश कोरडाच वाटणार.

जैन शास्त्रांनी क्रोध, मान, लोभ यांनाही अंतरंग परिग्रह म्हटले आहे. मित्राच्या गुणपत्रिकेशी चाललेली तुलना आणि वडिलांच्या कठोर शब्दाचा मनात साठलेला रोष, हे ओझे रिकाम्या हातांचा तरुणही वाहत असतो. म्हणून तेच त्याने उतरवावे. त्यासाठी सामायिक आहे: दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, मोबाईल दूर ठेवून समभावात स्थिर बसणे. त्याने परीक्षेचा निकाल बदलत नाही. निकालाला सामोरे जाणारे मन बदलते.

वडीलधाऱ्यांचेही कर्तव्य आहे. क्षमावाणीच्या दिवशी केवळ धाकट्यांनीच वाकावे असे नाही. पित्यानेही पुत्राजवळ ‘उत्तम क्षमा’ म्हणावे. घरातील शांती तेथून सुरू होते.

वीतराग प्रभू काही देत नाहीत, काही घेत नाहीत. त्यांच्या गुणांचे स्मरण हीच प्रार्थना. हे शांतिप्रभो, तरुणांच्या परिश्रमांना यश लाभो. यश लांबले तर समता लाभो. आणि त्यांचे दुःख ऐकून घेण्याचे धैर्य घरोघरी जागृत होवो.

जय जिनेंद्र!