चार आवाज, चार वाटा



याच सभागृहात, याच व्यासपीठावर मी एकदा चांगलाच फजित झालो होतो. आज तेथेच उभे राहून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल संस्थेचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते आपले सर गणित शिकवीत. संगीतातले आपल्याला काही कळत नाही, असे ते मोकळेपणाने सांगत. तरीही आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याची वाट मला त्यांनीच दाखविली.

१९६९ साली मी नववीत होतो. घरी भजनाची परंपरा. त्यामुळे हार्मोनिअमवर बोटे फिरत. शाळेच्या प्रार्थनेला मी साथ करीत असे आणि हौसेने एका वेळी तीन-तीन पट्ट्या दाबून आवाज भरदार करीत असे. एके दिवशी सरांनी थांबवून विचारले, “याच तीन पट्ट्या का? शेजारची का नाही?” मला उत्तर देता येईना. सर म्हणाले, “ज्याला हे ठाऊक आहे, त्याच्याकडे जाऊन शीक. कारण माहीत नसताना आलेले उत्तर बरोबर असले, तरी मी त्याला गुण देत नाही.”

ज्याला ठाऊक होते, ते गृहस्थ शेजारच्याच वाड्यावर राहत. ते चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते आणि व्हायोलिन शिकवीत. सारा गाव त्यांना ‘मेस्त्रे’ म्हणे. मीही तसेच म्हणतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला, समूहात गायला आणि व्हायोलिन धरायला शिकविण्याची प्रथा रुजली. आपल्या साष्टीतील घरोघरची व्हायोलिने ही त्याच प्रथेची देणगी. आपण मांडो ऐकतो. त्यात दोन आवाज बहुधा तिसऱ्या वा सहाव्या स्वराचे अंतर राखून जोडीने चालतात. आम्ही शेजारी ते वर्षानुवर्षे ऐकत होतो. पण त्यामागे एक शास्त्र आहे, हे आमच्या गावीही नव्हते.

मेस्त्रे कोंकणीत शिकवीत. त्यांनी प्रथम माझ्या तीन पट्ट्या बंद केल्या. म्हणाले, “आधी दोन आवाज सांभाळायला शीक.” वहीत त्यांनी संथ चालीची एक ओळ लिहिली आणि तिच्या प्रत्येक स्वरासमोर एकच स्वर मांडून दुसरी ओळ रचायला सांगितले. ‘काउंटरपॉइंट’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच: बिंदूसमोर बिंदू. व्हिएन्नाच्या दरबारातील योहान योजेफ फुक्स यांनी १७२५ मध्ये ‘ग्रादुस आद पार्नासुम’ या लॅटिन ग्रंथात हा अभ्यासक्रम पाच पायऱ्यांत बांधला. एकास एक स्वर, एकास दोन, एकास चार, मग मागचा स्वर धरून ठेवून विसंवाद निर्माण करणे व तो उतरवून सोडविणे, आणि शेवटी या सर्वांचे मिश्रण. ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. आपल्याकडील जुन्या ग्रंथांची आठवण यावी असा. हायडनसारखा रचनाकार याच ग्रंथावरून स्वतःच्या बळावर शिकला.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलेली ओळ मला फार आवडली होती. खाली सा तर वर प; खाली रे तर वर ध; खाली ग तर वर नी. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलाला षड्ज-पंचमाहून शुद्ध काय वाटणार? मेस्त्रेंनी लाल पेन्सिलीने त्या स्वरांमधून दोन-दोन समांतर तिरप्या रेघा ओढल्या. सगळे चूक! लागोपाठचे दोन पंचम त्याच दोन आवाजांत एकाच दिशेने न्यायचे नाहीत; अष्टकेही नाहीत. मी दुखावलो. आपल्या भरतमुनींनी तेरा आणि नऊ श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना संवादी म्हटले. म्हणजे पंचमही संवादी आणि मध्यमही. इथे मात्र पंचमांच्या ओळीला बंदी, आणि दोनच आवाज असतील तर सा-म ही जोडी चक्क विसंवादी!

मी वाद घातला. मेस्त्रे रागावले नाहीत. त्यांनी मला खालची ओळ गायला सांगितली आणि स्वतः माझी पंचमांची ओळ वर गायली. मग विचारले, “किती माणसे गात आहेत?” खरोखरच, दोन आवाज मिसळून एकच जाड आवाज झाल्यासारखा भास होत होता. नंतर त्यांनी स्वतः रचलेली ओळ गायली. मी चढलो की ते उतरत, मी उतरलो की ते चढत. मध्येच तिसऱ्यावर भेटत, सहाव्यावर दूर होत. आता दोन माणसे ऐकू येत होती. समांतर पंचम कानाला कटू लागतात म्हणून ते वर्ज्य नाहीत. युरोपातच नवव्या शतकात धर्मगीते समांतर चौथ्या-पाचव्या स्वरांत गाण्याची रीत नोंदली गेली आहे. पंचम इतका एकरूप होतो की त्यात दुसऱ्या आवाजाचे वेगळेपण विरघळते. जिथे ते वेगळेपण राखणे हाच हेतू, तिथे हा नियम. सरांनी मागितलेले ‘कारण’ मला मिळाले होते.

वर्षाअखेरीस आम्ही चार आवाजांपर्यंत पोहोचलो. स्त्रियांचे वरचा सोप्रानो व खालचा आल्टो, पुरुषांचे टेनर व बास. माझ्या तीन पट्ट्यांचा हिशोबही उलगडला. सा-ग-प हे घर, म-ध-सा हा प्रवास, प-नी-रे ही घरी परतण्याची ओढ. त्यातील नीला तर सावर गेल्यावाचून चैन पडत नाही. सर्वांत अवघड जागा म्हणजे मध्यमाच्या संघातून पंचमाच्या संघात जाणे. बासने म वरून प वर पाऊल टाकले की सगळ्यांनाच एकेक पायरी चढावेसे वाटते. आणि चढले की लाल रेघा. उपाय साधा आहे. बास चढला की बाकी तिघांनी उतरावे. सोप्रानो ध वरून प वर, आल्टो म वरून रे वर, टेनर सा वरून नी वर. पुढे नी साला मिळतो, रे ग वर जातो, प जागीच राहतो, आणि बास सा वर येऊन ठेपतो. चौघेही थोडेच हलले, कोणी कोणाला ढकलले नाही, आणि घर आले.

मी नेहमी सोप्रानोची ओळ नटवून लिहीत असे आणि उरलेले स्वर आल्टोच्या पदरात टाकीत असे. मेस्त्रेंनी एकदा मला गायकवृंदात आल्टोच्या बायकांशेजारी उभे करून माझीच आल्टोची ओळ गायला लावली. सतरा मात्रा एकच स्वर, मग एक अशक्य उडी. त्या बायका हसल्या नाहीत, याची मला अधिक लाज वाटली. “जी ओळ तुला स्वतःला गावीशी वाटत नाही, ती दुसऱ्याला देऊ नकोस,” एवढेच मेस्त्रे बोलले.

आता त्या फजितीविषयी. दहावीच्या स्नेहसंमेलनात मी शाळेची प्रार्थना चार आवाजांत बसविली. मेस्त्रेंना दाखविली नाही. शिकलो होतो ना सगळे! प्रार्थना भूप रागातली. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. माझ्या म-ध-सा आणि प-नी-रे यांनी ते दोन्ही पाहुणे आमंत्रणाशिवाय आत आणले. नियम एकही मोडला नव्हता, लाल रेघ कोठेही पडली नसती. पण भूप मात्र नाहीसा झाला. मुले गोंधळली, दुसऱ्या कडव्याला टेनर थांबले. कार्यक्रम संपल्यावर सरांनी विचारले, “रीत बरोबर होती काय?” मी म्हटले, “होती.” “मग गणित चुकीचे घेतलेस.”

मेस्त्रेंकडे वही घेऊन गेलो तेव्हा ते खूप वेळ पेटीवर नुसते भूपाचे पाच स्वर वाजवीत बसले. मग म्हणाले, “याला चौघे नकोत. दोघे पुरे.” खाली तंबोरा, वर दोन आवाज, केवळ त्या पाच स्वरांत. एक पंचमावर थांबला की दुसरा सा-रे-ग चालणार. दुसरा षड्जावर विसावला की पहिला ध वरून उतरणार. पुढच्या वर्षी आम्ही ती तशी गायलो. भूप भूपच राहिला, आणि आवाज दोनच ऐकू आले. माझ्या आयुष्यातील ती पहिली खरी रचना.

पुढे मुंबईत गेल्यावर कळले की हाच प्रश्न मोठ्यांनीही हाताळला होता. आपल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ साली मुंबईत वाद्यवृंद उभारून राग आणि पाश्चात्त्य स्वरयोजना एकत्र आणण्याचा प्रयोग केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्ययोजना सांभाळणारे सेबास्टियन डिसोझा हेही गोमंतकीय. ज्या गाण्यांवर आपण वाढलो, त्यांतील व्हायोलिनांची मागची ओळ गायकाबरोबर न धावता त्याला उत्तर देते. घरी गेल्यावर एखादे जुने गीत लावून केवळ ती मागची ओळ ऐकून पाहा.

मेस्त्रे गेले तेव्हा मी परगावी होतो; सरांच्या वेळीही तेच झाले. दोघांपैकी कोणालाही नीट धन्यवाद देणे घडले नाही. उशिरा का होईना, दोन गोष्टी करतो. लाल रेघांनी भरलेली ती वही आज मी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. चुका पुसलेल्या नाहीत. आणि मुख्याध्यापकांना विनंती करतो की आठवड्यातून एक तास मुलांना दोन आवाजांत गाऊ द्यावे. त्यासाठी वाद्ये लागत नाहीत. समोरचा वेगळे गात असताना आपला स्वर न सोडणे, आणि तरी त्याच्याकडे कान ठेवणे, एवढेच शिकवावे लागते. वाटते त्याहून ते कठीण आहे.